पौषातलं ऊन

जळगावात मे महिन्यात कुणाला चक्कर आली, छातीत धडधडलं, की निदान ठरलेलं: ऊन लागलं. मलाही तेच वाटलं. दर रविवारी मी बसने धुळ्याला जायचे. आई भावाकडे अंथरुणाला खिळलेली. रविवारी तिचं सगळं मी करायचं आणि वहिनीने मोकळं व्हायचं, असं आमचं ठरलेलं.

एका रविवारी पाळधी सोडल्यावर श्वास पुरेना. हातांना मुंग्या, तोंड कोरडं, आणि आता आपण मरणार याची पक्की खात्री. शेजारच्या बाईने पिशवीतला कांदा फोडून माझ्या नाकाशी धरला.

"हुंगा, हुंगा. एवढ्या उन्हात डोक्यावर पदर नको घ्यायला?"

एरंडोलला उतरले. स्टँडवर बसल्यावर सगळं ओसरलं. परतीची बस पकडून घरी आले.

पुढच्या वेळी तेच. पावसाळ्यात लोक म्हणाले उकाडा, दसऱ्याच्या सुमारास म्हणाले पित्त. एरंडोलला उतरलं की बरं वाटायचं, आणि त्या उतरण्यालाच मी औषध समजत होते. पुढे पुढे शुक्रवारपासूनच बसची धास्ती वाटायला लागली. धुळं बंदच झालं म्हणायचं.

पौषात, अंगात स्वेटर, बसच्या काचा बंद, तरी एरंडोलला उतरले. वहिनीला फोन केला.

"अक्का, आता पौषातबी ऊन लागलं का तुम्हाला? यायचं नाही तर सरळ सांगा ना. आधी आई रोज तुमचं नाव घ्यायच्या. आता तेबी कमी झालंय."

राग आला. पण पौषात ऊन लागत नाही, हे खरंच होतं.

दवाखान्यात गेले. हृदय ठीक, थायरॉइड ठीक. तिथून मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे पाठवलं. नवरा म्हणाला, "लोकांना काय सांगायचं?"

"ऊन लागलंय म्हणून सांगा."

डॉक्टरीणबाई कमी बोलणाऱ्या होत्या. "हा घबराटीचा झटका. यानं मरत नाही कुणी. पण दर वेळी बसमधून उतरून तुम्ही त्याची भीती खरी ठरवता. तो चढतो तसा उतरतोही. तो उतरेपर्यंत तुम्ही उतरायचं नाही." गोळ्या दिल्या. श्वास घाईने ओढू नका, सावकाश सोडा, म्हणाल्या.

काही आठवड्यांनी पुन्हा निघाले. झटका आलाच. एरंडोलला कंडक्टर म्हणाला, "मावशी, उतरा. दर वेळचंच तुमचं."

"धुळं," मी म्हटलं आणि पुढच्या सीटचा दांडा धरून बसले. श्वास सोडत राहिले. ब्लाउज घामाने भिजला. पारोळा मागे पडल्यावर धडधड कमी झाली, गेली नाही. अजूनही झटके येतात. मी उतरत नाही, एवढंच.

भावाच्या घरी पोचले. आई फारच वाळली होती. उशाशी बसून वरणभात कालवला. तिने माझ्याकडे अनोळखी नजरेने बघितलं.

"कोन शे व माय तू?"

वहिनी दारात चपला घालत होती. "दिवाळीपासून असंच चाललंय. फोनवर काय सांगणार होते?" आणि ती गेली.

मी घास पुढे केला. "रविवारनी बाई शे मी. तोंड उघाड."

तिने उघडलं.