शेवटी कोरी पानं सोडा

दवाखान्यात कमलनं मला शेवटचं विचारलं ते औषधाचं नाय की पोराचं नाय. डोळे मिटूनच म्हणाली, "सिल्लोडहून पुस्तक आलं का?" मी म्हणलं, नाय आलं अजून. मग म्हणाली, "आलं की सुतळी कापू नका. गाठ सोडा." मी म्हणलं, इतकी वर्षं गाठी कोण सोडतंय, मीच ना? ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा आणायला खाली उतरलो, वर आलो तर सिस्टर दारातच उभी होती... तिच्या तोंडाकडं बघूनच मला कळलं. चहा हातातच राहिला.

कमल माझी बायको. कविता करायची. पेपरच्या पुरवणीत कधीमधी तिचं नाव यायचं, म्हणून पुरवणीच्या साहेबांनी सांगितलं, काका, तिच्यावर तुम्हीच लिहा. माझं शिक्षण चौथी. वाळूजच्या कारखान्यात प्रेस मशीनवर जन्म गेला. कवितेतलं बरंवाईट मला सांगता येत नाय. पण तिची पुस्तकं गावोगाव गेली ती माझ्या हातानं बांधून गेली, तेवढं मला सांगता येतं.

ती अंगणवाडीत होती. नोकरीला नवीन असताना शहरात एक निवासी ट्रेनिंग झालं, तिथं तिला दोन मैत्रिणी भेटल्या. एक सिल्लोडच्या नसीमआपा आणि दुसऱ्या जालन्याच्या शकुंतलाबाई. दिवसभर वजनकाटा आणि तक्ते, संध्याकाळी तिघी मिळून एक कादंबरी वाचायच्या. प्रत एकच होती, कमलची. एक वाचणार, दोघी ऐकणार. ट्रेनिंग संपलं, कादंबरी अर्धी राहिली. गाड्या सुटायची वेळ झाली तरी तिघी स्टँडवर भांडत उभ्या, पुस्तक कुणी न्यायचं म्हणून. मी कमलला आणायला गेलो होतो. मी म्हणलं, अहो, आपांनी न्यावं, वाचून झालं की जालन्याला पोस्टानं टाकावं, शकुंतलाबाईंनी वाचून आमच्या घरी टाकावं. गाडीच्या कंडक्टरला उशीर होत होता म्हणून मी बोललो, दुसरं काय नाय. त्या दिवशी जी फेरी सुरू झाली ती अजून चालू आहे. नंतर त्यात आणखी माणसं आली, सगळ्यांची नावं लिहीत नाय. एकाचं राहिलं तर रुसवा निघंल.

पुस्तकं बुकपोस्टानं जायची. त्याचा नियम असा की खाकी कागद गुंडाळायचा, दोन्ही टोकं उघडी ठेवायची, म्हणजे आत पुस्तकच आहे हे पोस्टातल्या माणसाला दिसावं. आत चिठ्ठी चालायची नाय. या बायकांना तर बोलल्याशिवाय करमायचं नाय. मग नसीमआपांनी युक्ती काढली. पुस्तकाच्या शेवटी जी कोरी पानं असतात त्यावर अभिप्राय लिहायचा. अभिप्राय म्हणजे काय, तर पहिली ओळ पुस्तकाची आणि बाकी घरची. "पुस्तक चांगलं आहे, शेवट घाईत केलाय. धाकट्या नणंदेचं जमलं. यंदा मका बरा आहे." त्याच्याखाली शकुंतलाबाई लिहिणार, "शेवट मला आवडला. नसीमला कशानंच समाधान नसतं. नणंदेला माझा आशीर्वाद." त्याच्याखाली कमल. असं करत पुस्तक घरी यायचं तेव्हा मागच्या पानांवर बोट टेकवायला जागा राहायची नाय. पोस्टातले मास्तर एकदा पुस्तक चाळून मला म्हणाले, "मामा, हे अभिप्राय हायेत का घरगुती गप्पा?" मी म्हणलं, साहेब, तुम्हीच वाचून ठरवा. त्यांनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि शिक्का मारला. पुढं मीच कधी नुसता तिकिटाला गेलो तर विचारायचे, नणंदेचं काय झालं.

बांधायचं काम माझं. सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवणं झाली की मी पुढच्या खोलीत चटईवर बसायचो. खाकी कागद, सुतळी, दाभण. पुस्तकाची शिवण सुटली असली की आधी ती शिवायची, मग बांधायचं. कमल खाटेवर बसून तेच पुस्तक मला मोठ्यानं वाचून दाखवायची. मी म्हणायचो, बांधू दे की, किती वेळ? ती म्हणायची, "अहो, हे पान तेवढं ऐका." असं ऐकून ऐकून मी लई पुस्तकं वाचली. स्वतः वाचायला बसलो की ओळीखाली बोट लागतं आणि पानाच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरते. ऐकलेलं मात्र विसरत नाय. सुतळीचीपण फेरी होती. जी सुतळी इथून जायची तीच फिरून परत यायची, म्हणून कापायची नाय, गाठ सोडायची. पत्ता मी लिहायचो, माझं अक्षर चौकोनी, लांबून दिसायचं. कोपऱ्यात आमच्या पत्त्यात आधी औरंगाबाद लिहायचो, आता छत्रपती संभाजीनगर लिहितो, ते कागदाच्या कडेला जाऊन टेकतं.

कविता ती पोस्टकार्डावर करायची. वही कधी केली नाय. सुचलं की कार्ड घ्यायची, अर्ध्या भागात कविता, उरलेल्यात खुशाली, आणि पोस्टात टाकायची, एकीला. म्हणून तिच्या कविता चार-पाच ओळींच्या. जागा संपली की कविता संपली. एक मला पाठ आहे. "विझलेल्या चुलीची ऊब मांजराला कळते, मला उशिरा कळली." एवढीच. मी तिला म्हणलं, पुढं काय? ती म्हणाली, "पुढं शकुंतलाच्या गुडघ्याचं विचारायचं होतं." एका कार्यक्रमात कॉलेजच्या सरांनी तिच्या कमी शब्दांचं लई कौतुक केलं. कमलनं उठून त्यांना पोस्टकार्डाचं सांगितलं. सगळे हसले, सर सगळ्यात जास्त हसले आणि म्हणाले, सगळ्याच कवींना पोस्टकार्डं वाटायला पाहिजेत.

या कविता छापाव्यात का नाय, यावरून तिघींची दोन वर्षं तरी पत्रापत्री चालली. नसीमआपा लिहायच्या, "छापून टाक बाई. तू गेल्यावर छापलं तर तुला वाचायला कोण देणार?" शकुंतलाबाईंचं उलट. "छापलं की पुस्तक काचेच्या कपाटात जातं. कार्डं फिरतात ते बरंय." कमल दोघींना हो म्हणायची. मधे पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. माणूस सज्जन होता, पुरवणीतल्या कविता आवडल्या म्हणून त्यानं लिहिलं होतं, फक्त पानं भरत नाहीत, तर थोड्या वाढवता येतील का. कमलनं ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "हा काय रस्सा हाय का, पाणी घालून वाढवायला?" मी म्हणलं, तेच लिही त्याला. तिनं खरंच तेच लिहिलं. त्यानं परत पत्र धाडलं, बाई, तुमचं उत्तरही कवितेत घ्या.

शेवटी मैत्रिणींकडून कार्डं मागवली आणि औरंगपुऱ्यातल्या एका छापखान्यात आम्हीच छापून घेतलं. तिची अट एकच, पुस्तकाच्या शेवटी कोरी पानं सोडा. छापखानेवाला म्हणाला, "ताई, चूक झाली समजतील लोक. छापायचं राहिलं म्हणतील." कमल म्हणाली, "राहिलेलंच हाय. ते लोकं लिहितील." तो माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणलं, भाऊ, सोडा पानं, घरी मला राहायचंय.

पुस्तक झालं. कमलनं मैत्रिणींना, ओळखीपाळखीच्या सगळ्यांना एकेक प्रत धाडली. मी चार दिवस बांधत होतो. सप्रेम भेट वगैरे लिहायला तिला लाज वाटायची, म्हणून आत काहीच लिहिलं नाय. आणि इथंच घोटाळा झाला. पुस्तक पोस्टानं आलेलं, माझ्या अक्षरातला पत्ता, तीच सुतळी, शेवटी कोरी पानं... सगळ्यांना वाटलं फेरीचं पुस्तक आलंय. सगळ्यांनी वाचलं, मागं अभिप्राय लिहिला, घरच्या बातम्या लिहिल्या आणि टाकलं पुढच्याला. पुढच्याकडं त्याची स्वतःची प्रत होतीच, तरी त्यानं तीही वाचली, तिच्यातही लिहिलं. महिन्या-दोन महिन्यांत आमच्या दारात एकेक करत सगळ्या प्रती परत. पोस्टमन म्हणाला, "मामा, पत्ते चुकले का?" माझं डोकं फिरलं. मी म्हणलं, कमल, एवढी मेहनत करून धाडली अन् एकानंही ठेवून घेतली नाय? ती खाटेवर बसून मागची पानं वाचत होती, हसून हसून डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "अहो, ठेवून घेणारे कपाटात ठेवतात. यांनी सगळ्यांनी वाचलंय."

मग तिनं त्याच प्रती पुन्हा धाडल्या, पण अदलाबदल करून. आपांनी लिहिलेली जालन्याला, जालन्याची तिसरीकडं. आमच्याकडं कोरी प्रत एकही नाय. कुणाकडंच नाय. सगळ्यात जास्त फिरलेली जी प्रत होती, जिच्या मागच्या पानांवर शेवटची दोन बोटं जागा उरली होती, ती सिल्लोडला आपांकडं होती. दवाखान्यात कमल त्याच प्रतीची वाट बघत होती.

कमल गेल्यावर जलदान विधीला नसीमआपा आल्या. वय झालंय, मुलाचा हात धरून आल्या, कमलच्या खाटेवर बसल्या, मांडीवर पिशवी घट्ट धरून. मग तशाच उठून गेल्या. आठवड्यानं पोस्टानं पुस्तक आलं. मी गाठ सोडली, बघतो तर तीच प्रत. मी फोन लावला. म्हणलं, आपा, त्या दिवशी आलात तेव्हा आणलं असतं ना. त्या म्हणाल्या, "लाई थी भाईजान. थैली में ही थी." मी म्हणलं, मग दिलं का नाय? "कमल की किताब हाथ में कैसे देती मैं? वो तो डाक से आती ना." म्हणजे आपांनी ते परत घरी नेलं, बांधलं, पोस्टात जाऊन टाकलं. मी फोन ठेवला आणि त्या पुस्तकावर हात ठेवला. वाईट नाय वाटलं. उलट बरं वाटलं... घरात टपाल आल्यासारखं वाटलं.

उरलेल्या दोन बोटांत आपांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, "भाईजान, ही फेरी आता थांबवायची की चालवायची? सगळं तुमच्याच घराहून फिरत होतं. तुम्ही म्हणाल तसं. जागा संपली."

त्याच आठवड्यात विजय, माझा मुलगा, पुण्याहून आला. त्याचं म्हणणं, बाबा, आता इथं एकटं राहू नका, घर भाड्यानं देऊ, आईची पुस्तकं वाचनालयाला देऊ, तिच्या नावाचं कपाट करतील. पोरगा मायेचा आहे, त्याचं काय चुकलं नाय. पण कपाट म्हणल्याबरोबर मला शकुंतलाबाईंचं पत्र आठवलं. मी म्हणलं, अरे, निम्मी पुस्तकं घरात नाहीतच. ती लोकांकडं हायेत. मी गेलो तर ती यायची कुठं? तो म्हणाला, "बाबा, पण वाचणार कोण? तुम्हाला पान वाचायला अर्धा तास लागतो." मी म्हणलं, लागू दे. मला दुसरं काय काम हाय? तो हसला. संध्याकाळी जाताना चपला घालता घालता म्हणाला, "मग माझाही लावा नंबर." मी म्हणलं, तू ठेवून घेशील. "नाही ठेवत." शाळेतलं एक पुस्तक त्यानं ठेवून घेतलं होतं, ते अजून माळ्यावर आहे. मी म्हणलं, आधी ते परत कर, मग बघू.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी जेवून चटईवर बसलो. पुस्तक उघडलं आणि ओळीखाली बोट ठेवून सगळं वाचलं. सोपं गेलं, कारण कविता मला ऐकून माहीत होत्या, डोळ्यानं फक्त ओळखायच्या होत्या. मांजराची आली तेव्हा थांबलो जरा. मग दुकानातून आणलेले साधे कोरे कागद मापानं कापले, दुमडले, पुस्तकाच्या मागं धरले आणि दाभणानं शिवले. शिवण सरळ आली. पहिल्या कोऱ्या पानावर चौकोनी अक्षरात लिहिलं, "आपा, शकुंतलाबाई, पुस्तक वाचलं. चांगलं आहे. मागं पानं लावली आहेत, आता जागा आहे. विजय येऊन गेला. मी इथंच आहे. शकुंतलाबाई, गुडघा कसा आहे?"

खाकी कागद गुंडाळला. पोस्टातली पोरगी आता म्हणते, काका, नीट पॅक करून आणा, दोन्ही बाजूंनी चिकटवा. चिकटवायला तिच्याचकडून डिंक घेईन म्हणलं, घरून निघताना टोकं उघडीच ठेवली. सुतळी तीच बांधली, आपांच्या गाठीची घडी अजून तिच्यात होती. समोर जालन्याचा पत्ता लिहिला. कोपऱ्यात पाठवणाऱ्याचं नाव लिहायचं असतं. तिथं मी कायम कमलचं नाव लिहायचो. पेन तिथं टेकवलं... मग लिहिलं, "कमलच्या घरून", आणि खाली पत्ता.