नानांचे पिरान्हा आणि माझे गप्पी

'शुद्ध शाकाहारी' अशी हिरव्या अक्षरांतली पाटी लावलेल्या हॉटेलात पिरान्हा पाळणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नाना. चौसाळ्याच्या अलीकडे हमरस्त्याला लागून त्यांचं हॉटेल होतं. गल्ल्यामागे, जिथं बाकीचे हॉटेलवाले देवाची तसबीर लावतात, तिथं त्यांनी चार फुटी काचेची टाकी ठेवली होती. तिच्यात तळहाताएवढे, पोटाशी लालभडक असे सहा मासे फिरत. खालचा जबडा पुढे आलेला, आणि तोंडावर नुकतंच कुणाशी तरी भांडण करून आल्याचा भाव. त्यांच्यासमोर नाना बसलेले असत. पांढरा सदरा, पांढरा पायजमा, कपाळाला बुक्का, गळ्यात तुळशीची माळ. एकादशीला तर ते कांद्याच्या पोत्याकडे पाठ करून बसत, म्हणजे नजरही जायला नको.

मासे धाकट्या जावयानं पुण्याहून आणून दिले होते. सासऱ्याला काय द्यावं हे जावयाला कळत नाही ते असं. नानांनी मात्र कुरकुर केली नाही. दोन्ही मुली सासरी गेल्यामुळे घर रिकामं झालं होतं, त्यामुळे असेल, पण ते माशांना 'पोरी' म्हणू लागले. सकाळी शटर वर केलं की देवाला उदबत्ती ओवाळण्याआधी टाकीवर बोटानं टकटक करायचे. "उठल्या का गं पोरीहो?" मासे त्यांच्या बोटाकडे धावत यायचे. मायेनं येत की बोटासाठी, हा विचार माझ्या मनात यायचा, पण मी तो बोलून दाखवला नाही.

संध्याकाळी पाचला एसटी चहासाठी थांबली की नाना पोरींना पनीर घालत. होय, पनीर. भिजवलेले वाटाणे, सोयाबीनची वडी, कधी टोमॅटोची फोड. प्रवासी चहाचे कप घेऊन टाकीभोवती गोळा होत. पिरान्हा पनीरचा तुकडा तोंडात धरून दोनदा हलवत, अर्धा गिळत, अर्धा थुंकत. लोक टाळ्या वाजवत. मग नाना गल्ल्यावरून मोठ्यानं सांगत, "दात देवानं दिलेत. चावायचं का न्हाई ते आपल्या हातात हाय." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की माझ्या बायकोनं ते घरी माझ्यावरच वापरायला सुरुवात केली.

मी आरोग्यसेवक. म्हणजे गावोगाव फिरून रक्ताचे नमुने घेणारा आणि लोकांच्या पाण्याच्या टाक्यांत डोकावणारा माणूस. गावात मला सगळे डॉक्टर म्हणतात, आणि मी डॉक्टर नाही हे सांगून सांगून आता मीच थकलोय. आमच्या आरोग्य केंद्राच्या मागे सिमेंटचे दोन हौद आहेत. त्यांत मी गप्पी मासे वाढवायचो. गप्पी म्हणजे नखाएवढा मासा, पण डासांच्या अळ्या खाण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर आठवड्यातून एकदा येतो. बायका ड्रम, टाक्या, रांजण, मिळेल ते भरून ठेवतात. त्या साठवलेल्या पाण्यात डास होतात आणि मग डेंगू येतो. पाणी ओतून टाका, असं त्या बायकांना सांगायची माझी जीभ रेटत नसे. त्यापेक्षा ड्रममध्ये चार गप्पी सोडले की काम होतं. हौदांची राखण मी घरच्या दुभत्या जनावरासारखी करायचो. सुट्टीच्या दिवशीही जाऊन पाणी बघून यायचो. बाकीचा स्टाफ हसायचा, हसू दे.

पनीर पाहून एकदा मी नानांना म्हणालो, "नाना, हे मांसाहारी आहेत. असं फार दिवस चालायचं नाही. बीडच्या बाजारातून मेलेला मासा आणा, तुकडे करून टाका. जिवंत मात्र टाकू नका, जिवंत टाकणं वाईट. मेलेल्याला निदान काही कळत नाही."

नानांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "डॉक्टर, माझ्या भटारखान्यात मासा कापू? ज्या सुरीनं कोथिंबीर चिरतो तिनं? पंगतीला बसलेत लोक हितं!" मग माळेला हात लावून म्हणाले, "अन् जिता? ही माळ काय दाखवायला घातली का म्या?" मला भरून आलं. मनात म्हटलं, असा माणूस आहे म्हणून जग चाललंय.

त्यानंतर महिन्याभरात पोरींनी एकमेकींचे लचके तोडले. आधी एकीची शेपटी गेली, मग एकीचा डोळा. सहाच्या चार झाल्या. त्या दिवशी नानांनी दहा वाजेपर्यंत हॉटेल उघडलं नाही. मी गेलो तर रिकाम्या बाकावर बसून होते. म्हणाले, "एका पोटच्या असल्यागत वाढवल्या म्या. कावून केलं आसं त्येंनी?"

पुढच्या मंगळवारी नाना झाकणाची पांढरी बादली घेऊन आमच्या केंद्रात हजर. "डॉक्टर, तुमी एकटे किती गावं फिरणार? आमच्या शेताकडच्या वस्त्यांवर मी सोडतो मासे. हॉटेलचं दूध आणायला रोज जातोच की तिकडं." मी तर त्यांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. त्या दिवसापासून दर मंगळवारी नाना येत. बादलीवर ओलं फडकं टाकून नेत, पाणी तापू नये म्हणून. हौदाच्या काठावर माझ्या शेजारी उकिडवे बसून त्यांनी माझ्याकडून सगळं शिकून घेतलं. नर कसा ओळखायचा, मादी कशी, जाळी कशी फिरवायची. जाता जाता म्हणायचे, "पोटुश्या दोन जास्त टाका, डॉक्टर." मला त्यांच्या हुशारीचं कौतुक वाटायचं. पोटुशी मादी टाकीत गेली की तिथंच पिल्लं घालणार. मी निवडून निवडून फुगलेल्या पोटाच्या माद्या त्यांच्या बादलीत घालायचो.

माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सलग बारा दिवस नानांकडून डबा आला. बिनतिखटाचं वरण, मऊ भात. विचारलं तर म्हणाले, "तुमी आमच्या वस्तीचं बघता, आमी तुमच्या म्हाताऱ्याचं बघू नये व्हय?" त्यांना मी थोरला भाऊ मानायला लागलो ते तेव्हापासून. केंद्रात कार्यक्रम झाला तेव्हा शाल आणि नारळ नानांनाच द्यायचा, असा हट्ट मी धरला. भाषणही मीच केलं. निःस्वार्थ हा शब्द मी त्यात तीनदा वापरला. आठवलं की आजही कान गरम होतात.

खोटं कशाला बोलू, संशय यावा असं त्यांनी काही केलंही नाही. एकदा नांदूरघाटकडची तीन-चार जवान मंडळी मोटारसायकलींवर आली. एकानं पिशवीतून बेडूक काढून टाकीत टाकला आणि मोबाइल वर धरला. नाना गल्ल्यावरून असे उठले की मला वाटलं ते पडतील. सांबाराच्या डावानं त्यांनी बेडूक उचलून बाहेर काढला आणि ओरडले, "तमाशा लावला का बे हितं? जीव हाय त्यो! निघा!" मंडळी चहा अर्धा टाकून पळाली. बेडकाला नानांनी स्वतःच्या हातानं मागच्या मोरीत सोडलं. मी तिथंच होतो, हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर झालं.

मग उन्हाळा लागला. शेताकडच्या वस्तीवरची आशा सेविका सुरेखाताई, कामाला वाघ अशी बाई, केंद्रात येऊन म्हणाली, "भाऊ, तुमचे मासे हायेत कुठं? समद्या ड्रमांत अळ्या वळवळायलेत."

"नानांनी सोडलेत की."

"मला तर एक बी दिसंना."

मी काय केलं सांगतो. मी वस्तीवर गेलो आणि लोकांवर डाफरलो. तुम्हीच ब्लिचिंग पावडर जास्त टाकता, मासे मारता, आणि वर आम्हाला विचारता! दारात उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, "आमी मासाच पायला न्हाई, तर मारू कुठून, डॉक्टर?" तिलाही मी गप्प केलं. नानांनी सोडले नसतील हे माझ्या मनाला शिवलंसुद्धा नाही. पंधरा दिवसांत वस्तीवर तापाची लागण झाली. सुरेखाताई स्वतःच पडली. डेंगू. बीडला आठ दिवस सलाइनवर होती, पेशी खाली गेल्या, तिच्या नवऱ्यानं माझा हात धरून विचारलं, "वाचंल ना ओ?" वाचली. पण परत आली तेव्हा भिंतीला धरून चालत होती.

तिला बघून मी तडक नानांकडे निघालो. माझा बेत असा होता की या खेपेला दोन बादल्या देऊ आणि नानांना घेऊन घरोघर फिरू. दुपारचे अडीच वाजले असतील. उन्हामुळे हॉटेलचं शटर अर्धं खाली होतं. मी घरच्यासारखा, म्हणून भटारखान्याच्या दारानं आत गेलो.

नाना टाकीपाशी उभे होते. पांढरी बादली स्टुलावर. हातात चहाची गाळणी. त्यांनी गाळणी बादलीत बुडवली, वर काढली, टाकीवर नेऊन उलटी केली आणि लगेच तोंड फिरवून डोळे मिटले. पाण्यात फडफड झाली आणि थांबली. नानांनी डोळे उघडले आणि पुन्हा गाळणी बुडवली. दुसऱ्या खेपेला गाळणीत काय आहे ते मला दिसलं. पोट टम्म फुगलेली मादी. आदल्या दिवशी मंगळवार होता. ती मीच निवडली होती.

"नाना," मी म्हणालो.

ते दचकले, पण गाळणी उलटी झालीच. मग खुर्चीत बसले. म्हणाले, "पयल्या दोन बाऱ्या मी खरंच सोडले, डॉक्टर. वस्तीवर गेलतो. इचारा कुणाला बी. मग पोरी पनीर खाईनात. एकमेकींकडं बघायच्या. उपाशी मारू का त्यास्नी?"

"मेलेले तुकडे टाका म्हणून सांगितलं होतं मी."

"सुरी लावली आसती तर पाप माझ्या हाताला लागलं आसतं. मी कुठं मारतो? मी निस्तं पाण्यातनं पाण्यात सोडतो. पुढं त्यांचं ते बघतेत."

मला वाटलं, ते थट्टा करतायत. नव्हते करत. कित्येक मंगळवार त्यांनी या हिशेबावर रेटले होते आणि रात्री स्वस्थ झोपले होते. माळ शाबूत, सुरी शाबूत, पाटी शाबूत. माझ्या डोक्यात रक्त चढलं. मी म्हणालो, "नाना, सुरेखाताई मरता मरता वाचली. माझे मासे तिच्या ड्रममध्ये असायला हवे होते."

त्यांची मान खाली गेली. वाटलं, आता रडतील. पण त्यांनी मान वर करून विचारलं, "तुमचे गप्पी तरी काय खातेत, डॉक्टर? भाकर? अळ्या बी जित्याच आसतेत की. तुमी सोडता ती सेवा, अन् म्या सोडलं की पाप व्हय?"

या प्रश्नाचं उत्तर मला तिथं सुचलं नाही. नंतर पुष्कळ सुचलं. अळीनं माणसं आजारी पडतात, गप्पीनं नाही. मी जे करतो ते हौदावर, चार लोकांसमोर, डोळे उघडे ठेवून करतो. आणि मुख्य म्हणजे ज्यानं विश्वासानं हातात दिलं त्याच्या पाठीमागे करत नाही. हे सगळं खरं आहे. तरीही अळ्यांवर तुटून पडणारे गप्पी बघताना नानांचा तो प्रश्न अजून कानात येतो, आणि तोही राग मी नानांवरच काढतो.

बादलीत उरलेले मासे घेऊन मी तसाच वस्तीवर गेलो. माझा आवाज ऐकून सुरेखाताई दारात आली. तिला आणि त्या म्हातारीला मी सगळं सांगितलं आणि माफी मागितली. म्हातारीनं बादलीत वाकून मासे बघितले. सुरेखाताई म्हणाली, "नानांचं जाऊ द्या, भाऊ. तुमी आमच्यावर इश्वास ठेवला न्हाई, त्ये लागलं." तिचं बरोबर होतं, म्हणून जास्तच झोंबलं.

नानांचे दोन-तीन फोन आले. "चहाला येना गेले, डॉक्टर?" मी कामाचं निमित्त सांगितलं. एकदा त्यांनी डबाही पाठवला. तो मी परत केला, आणि परत करताना माझ्या वडिलांची नजर चुकवली. वर्षभरानं माझी बदली चकलांब्याकडे झाली. गावी जाताना एसटी अजून त्याच हॉटेलाशी थांबते. सगळे चहाला उतरतात, मी गाडीतच बसून राहतो. आत पोरी आहेत की गेल्या, नाना गल्ल्यावर असतात की नाही, मी विचारत नाही. विचारलं तर उतरावं लागेल.

इथं नव्या केंद्रातही मी हौद बांधून घेतला. गेल्या उन्हाळ्यात एक निवृत्त पोस्टमन आपणहून आले. रोज सायकलवर चार वस्त्या फिरायची त्यांची जुनी सवय. म्हणाले, "साहेब, द्या माझ्याकडं, मी सोडत जाईन." मी मासे दिले. आणि माझी मोटारसायकल काढून त्यांच्या मागोमाग गेलो. पहिल्या घरी गेलो, दुसऱ्या घरी गेलो. प्रत्येक ड्रमवर वाकून, मासा पाण्यात गेला की नाही ते बघितलं. तिसऱ्या घरापाशी ते सायकलवरून उतरले. पस्तीस वर्षं लोकांची पत्रं न फोडता पोचवलेला माणूस. त्यांनी शांतपणे विचारलं, "साहेब, माझ्यावर भरवसा न्हाई का?"

आहे, असं मला म्हणता आलं नाही. त्यांनी बादली माझ्या पायाशी ठेवली, सायकल वळवली आणि गेले. पुन्हा आले नाहीत. गप्पी महिन्याभरात पुन्हा होतात, नुसते तेच गेले असते तर मी नानांना केव्हाच माफ केलं असतं. या पोस्टमनसाठी मात्र नाही करत.