कंडक्टर मावशीची विहीर

तपासणीला नेत असलेलं पाणी मी वाटेतच पिऊन टाकलं, हा विषय आमच्या घरात अजून निघतो. ऊन रणरणत होतं, बसचा पत्ता नव्हता आणि हातात गार पाण्याची बाटली होती. माणसानं सोसावं तरी किती? बाटली रिकामी झाल्यावर ती कशासाठी होती ते आठवलं. मग मी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यातलाच नळ सोडला, बाटली काठोकाठ भरली आणि अत्यंत सज्जन चेहऱ्यानं खिडकीतून आत सरकवली.

पाणी होतं मावशीच्या विहिरीचं. म्हणजे, असायला हवं होतं. मावशी आईची धाकटी बहीण. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर बस तेवढी सोडली. अजूनही पाहुणे दारात घोटाळले की, "पुढे सरका, आत जागा आहे," म्हणून ओरडते. तिच्या परसात विहीर, विहिरीला खेटून टोमॅटोचे वाफे, आणि वाफ्यांसाठी कोंबड्यांच्या खताचा हा एवढा ढीग. विहिरीचा तिला कोण अभिमान! चहा छान झालाय म्हटलं की ती कपाकडे नाही, खिडकीतून विहिरीकडे बघायची.

तपासणी मावशीच्या लेकीनं सांगितलेली. लेकीची मुलगी दोन महिन्यांची, पाण्यात कालवायच्या पावडरीच्या दुधावर. मावशीनं नातीला फोनवरच काय ते पाहिलेलं.

"आई, पाण्यात नायट्रेट जास्त असलं तर एवढ्याशा बाळाच्या रक्तातून प्राणवायू धड पोचत नाही. बाळ निळं पडतं. आधी पाणी तपास, मग आम्ही येतो."

रिपोर्ट आला. नायट्रेट नावापुरतं. मी हुश्श केलं. मावशीनं चष्मा लावून कागद खालपर्यंत वाचला आणि विनातिकीट माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"पाणी मऊ आहे म्हणे."

"चांगलंच की!"

"माझ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. किटलीत पांढरी खपली धरते. हे पाणी कुठल्या स्टॉपवर चढलं?"

मी सगळं ओकून मोकळा झालो. वर शहाणपणाही केला. "अगं, तुझं पाणी चांगलंच असणार. हाच कागद पाठव. नात उद्या येईल."

तिनं कागदाची घडी केली. पाळण्याकडे बघितलं. नातीसाठी तो धुऊनपुसून तयार होता. मग उठून बाटली धुवायला गेली.

या खेपेला बाटली तिच्या मांडीवर होती आणि शेजारची सीट रिकामी असूनही मी उभा होतो. तशी आज्ञाच होती.

खरं नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं.

"उकळून घेऊ की," मी प्रयोगशाळेतल्या बाईंना म्हणालो.

"उकळल्यावर पाणी उडून जातं, नायट्रेट आहे तिथंच राहतं. उलट दाट होतं."

"आमच्या भाच्यासारखंच," मावशी म्हणाली. "कितीही तापवा, फरक नाही."

बाई हसल्या. "विहिरीजवळ काय काय आहे?"

मावशी रंगात येऊन वाफे, कोंबड्या, खताचा ढीग असं सांगत सुटली. ढिगापाशी आल्यावर तिचं तिलाच उमगलं, हेच खत विहिरीत झिरपत होतं. परतीच्या वाटेवर ती कुणालाही पुढे सरका म्हणाली नाही.

पण दुसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला. ढीग उताराच्या बाजूला, विहिरीपासून लांब हलला. हलला म्हणजे मी हलवला. ती कठड्यावर बसून "चला, चला, मागे गाडी आहे" करत होती. कोंबड्यांनाही घर बदलावं लागलं, त्यांनी माझ्याहून जास्त आरडाओरडा केला. स्वयंपाकघरात आरओ बसला, आणि त्याचंही पाणी तपासून आणायला मावशी स्वतः गेली. ते मर्यादेत निघालं. विहिरीला मात्र सुधारायला बराच काळ लागेल, असं बाई म्हणाल्या. त्या संध्याकाळी मावशीनं नव्या पाण्याचा चहा केला. प्यायली, कप विसळला. आणि विहिरीकडची खिडकी लावून घेतली.

पुढच्याच आठवड्यात नात आली. मावशीनं दुधाची बाटली स्वतः भरली, नातीला मांडीवर घेतलं, आणि ती पोरगी अशी चुटूचुटू प्यायला लागली की मावशीचा चष्माच ओला झाला. आता हिला जरा हसवावं म्हणून मी म्हणालो, "बघ, माझा तो पहिला रिपोर्ट पाठवला असतास, तर नात केव्हाच आली असती."

मावशीनं मानसुद्धा वर केली नाही.

"आली असती. आणि दूध काय तुझ्या रिपोर्टात कालवलं असतं?"