दुष्काळाचं वर्ष धरून नऊ

माझे वडील गेले त्या दिवशी आमचा क्लब दुय्यम गटात शेवटून दुसरा होता. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण म्हणून फुप्फुसाचं काहीतरी लिहिलं. घरात ते कोणालाच पटलं नाही.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरची, दोन-तीन वर्षं इकडेतिकडे. आम्ही आर्वीचे. गावाबाहेर नाल्याला लागून वावर, त्यात वांगी, टमाटे आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर, पुण्याकडचा पाहुणा आमच्या बाजारात सांबार ऐकून भात शोधू लागतो!). बाबा भाजी पिकवत आणि उरलेल्या वेळात 'उदय क्लब' चालवत. आईच्या मते क्रम उलटा होता. दर हिवाळ्यात वर्ध्याला जिल्ह्याची फुटबॉल स्पर्धा भरे. चांगले संघ अव्वल गटात, बाकीचे दुय्यम गटात. वरचा शेवटचा खाली जाई, खालचा पहिला वर येई. उदय क्लब अव्वल गटात सलग नऊ वर्षं टिकला. ती नऊ सालं बाबांनी गुरांच्या कोठ्याच्या दारावर आतून शेंदरी रंगाने एकाखाली एक रंगवली होती. पाहुणा आला की त्याला पाणी मिळायच्या आधी कोठा पाहावा लागे.

या नऊ वर्षांना जगात एकच माणूस मानत नसे, आणि तो नेमका आमचा किसनमामा होता. आईचा सख्खा भाऊ, राहणार तळेगाव. तळेगावचा 'तूफान क्लब' अव्वल गटात आठ वर्षं होता. आठ म्हणजे नवापेक्षा एक कमी, हे मामाला मान्य होतं. फक्त आमचे नऊ त्याला मान्य नव्हते. कारण दुष्काळाच्या वर्षी दोन सामने झाल्यावर स्पर्धा बंद पडली होती, आणि बाबांनी ते सालही दारावर चढवलं होतं.

"दोन सामन्यायचं वर्ष राह्यते का कधी?" मामा म्हणे.

"मैदानात उतरलो का नाई? उतरलो. मंग झालं वर्ष," बाबा म्हणत.

बारसं असो, साक्षगंध असो, हा विषय निघायचाच. मामा जाताना गुपचूप कोठ्यात शिरून त्या सालापुढे कोळशाने प्रश्नचिन्ह काढी. एसटी सुटली की बाबा ओलं फडकं घेऊन ते पुसत. दहा वर्षांत दोघांपैकी कोणाचाही हात थकला नाही.

आता माझ्याकडे येतो. मी त्या वेळी पंचायत समितीत कारकून होतो आणि उदय क्लबचा गोलकीपर होतो. पहिलं काम मला जमत होतं. गोलात मला बाबांनीच उभं केलं होतं. मी उंच होतो, घरचाच होतो आणि रोज सरावाला यायचो. यातली एकही गोष्ट चेंडू अडवण्याच्या कामाची नव्हती, पण हे कळेपर्यंत तीन हंगाम गेले होते.

दहाव्या वर्षी शेवटचा सामना तूफानशी पडला. बरोबरी झाली तरी आम्ही वर राहणार होतो. सामना संपत आलेला, गोल कोणाचाच नाही. आमच्याच बॅकने माझ्याकडे चेंडू मागे ढकलला. अगदी सावकाश. तो चेंडू इतका हळू आला की मला विचार करायला वेळ मिळाला, आणि तिथेच घात झाला. हाताने उचलावा की पायाने मारावा? मी दोन्ही ठरवलं. चेंडू दोन पायांमधून आत गेला आणि जाळीला न लागताच थांबला. तेवढा जोरसुद्धा त्यात नव्हता!

तूफान वर राहिला, आम्ही खाली गेलो, आणि ते साल दारावर चढलंच नाही. आर्वीपर्यंत बाबा एसटीत खिडकीबाहेर पाहत होते. मी शेजारी बसलो होतो. मला ते एक अक्षर बोलले नाहीत, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

खरं म्हणजे त्यांनी मला काढायला हवं होतं. त्यांनी काढलं नाही. पुढच्या हंगामातही मीच गोलात होतो, आणि दुय्यम गटातले चेंडू अव्वल गटातल्या चेंडूंपेक्षा सोपे असतात हा माझा समज महिनाभरात गळून पडला. बाबांचा खोकला त्याच सुमारास वाढला. वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं तेव्हा आमचा कप्तान शामराव दर सामन्यानंतर भेटायला जाई. बाबा निकाल विचारत नसत. एवढंच विचारत, "गोलात कोन हाये?" शामराव म्हणे, "तुमचंच पोरगं." मग बाबा भिंतीकडे तोंड करून निजत. मी पायथ्याशी बसलेला असे. मला वाटे, त्यांना झोप येत असेल.

दहाव्याला आम्ही वर्धा नदीच्या काठावर गेलो. पौषातली सकाळ, नुकतंच मुंडण केलेलं माझं डोकं, आणि थंडी अशी की भटजींचे मंत्र तोंडातून वाफ होऊन निघत होते. पिंड मांडला. बाभळीवर एक कावळा आधीपासूनच बसला होता. आम्ही मागे सरकलो आणि थांबलो.

कावळा आला नाही.

तासभर झाला. माणसाचं काही मनात राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी हात जोडून सांगितलं, आईला सांभाळीन. कावळ्याने पंख खाजवले. विहिरीवर इंजिन बसवीन म्हणालो. काही नाही. उदय क्लबचे अकराच्या अकरा खेळाडू आले होते (दहाच म्हणा, अकरावा मी). शामराव पुढे झाला आणि क्लब परत अव्वल गटात नेऊ असं त्याने सगळ्यांच्या वतीने कबूल केलं. कावळ्याने आमच्या संघावरून एकदा नजर फिरवली आणि तो आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

तेव्हा किसनमामा उठला. त्याचे डोळे लाल झाले होते. तूफानचं नववं वर्ष तेव्हा चालू होतं, दोन महिन्यांत तो बाबांची बरोबरी करणार होता. तरी तो पिंडासमोर जाऊन उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

"भाऊजी, दुष्काळाचं वर्ष मी धरलं. नऊ म्हंजे नऊ. आता या."

मला रडू आवरेना. दहा वर्षांचा वाद त्या माणसाने एका वाक्यात सोडून दिला होता. आणि खरोखर कावळा खाली उतरला! चालत चालत पिंडापर्यंत आला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं, आणि परत उडाला.

ऊन वर आलं. भटजींना दुसरीकडे जायचं होतं. त्यांनी दर्भाचा कावळा करून उरकून घ्यावं असं सुचवलं आणि गवत वळायला घेतलं. बाबा असे अडकलेले सोडून घरी जायचं, आणि आईला काय सांगायचं? मी मागे वळलो तर उदय क्लबचे सगळे खेळाडू माझ्याकडे बघत होते. ती नजर मी ओळखत होतो. प्रत्येक गोलनंतर ती मला मिळत असे.

मग मला दवाखाना आठवला, ती भिंत आठवली, आणि बाबांना तेव्हा झोप येत नव्हती हे कळलं. मी पिंडाजवळ गेलो.

"बाबा," मी म्हणालो, "मी आता गोलात उभा नाई राहत. कधीच ना..."

वाक्य पुरं झालं नाही. कावळा असा झेपावला की भटजींच्या हातातलं गवत उडालं. मागून दहा माणसांनी एकदम सोडलेला श्वास मला माझ्या मुंडण केलेल्या डोक्यावर जाणवला.

घरी आल्यावर आईला सांगितलं.

"मीच त्यायले बोलू नाई देलं," ती म्हणाली. "म्हनलं, पोराले गोलातून काढान तर या घरात चूल नाई पेटत. त्यायनं मंग कधी नावच नाई काढलं."

वर्षभर तो माणूस क्लब बुडताना पाहत बसला, माझं मन दुखू नये म्हणून. मी कोठ्यात जाऊन नऊ शेंदरी सालांसमोर पोटभर रडून घेतलं. दुष्काळाच्या वर्षापुढे कोळशाची खूण नव्हती. (महिन्याभराने मात्र आली. मामाचं म्हणणं, त्याने कबूल केलं तेव्हा कावळा शिवला नव्हता, सबब ते रद्द!)

पुढच्याच हंगामात उदय क्लब अव्वल गटात परतला. दारावरची दहावी ओळ मीच रंगवली, त्या कामापुरता मी अजून संघात आहे. खेळाडूला कोणी कप्तान काढतो, कोणी सचिव काढतो. मला बाबांच्याने काढवलं नाही, आईने काढू दिलं नाही, म्हणून शेवटी कावळ्याला यावं लागलं.