चौदा व्होल्टचा फेस

कडावात समुद्र नाही. हे आमच्या घरात फक्त मलाच ठाऊक असावं, कारण कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यांनी जुनी शिडाची होडी घेतली ती थेट अंगणातच आणून उभी केली. शेजारीण म्हणाली, "काय गं काकी, काका खाचरात चालवनार हाय काय ही?"

डागडुजी झाली. रविवारी रेवसच्या खाडीत उतरायचं ठरलं. शिडं माझा भाऊ सांभाळणार, बाकी सगळं हे. होडी तळाशी झिरपायची. ते पाणी बाहेर फेकायला पंप, पंपाला बॅटरी, बॅटरी भरायला वर सोलर पॅनेल. आणि यांना पोहता येत नाही! म्हणजे माझं कुंकू त्या बॅटरीच्या भरवशावर.

यांनी नुसत्या पॅनेलला मीटर लावला, तर एकवीस व्होल्ट. बॅटरीला जोडलं, तर चौदा. "फसवलं दुकानदारानं!" हे कडाडले.

मी दुपारभर मोबाइलवर हेच बघत होते. म्हटलं, "अहो, मोकळं असलं की पॅनेल एकवीस दाखवतं. जोडलं की बॅटरी त्याला खाली ओढणारच." पण उभा जन्म कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढलेल्या माणसाला बायकोनं वीज शिकवायची? शिव शिव!

मग यांना चौदाच आवडू लागले. रोज टळटळीत उन्हात मीटर लावायचा आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचं, "बारा व्होल्टची बॅटरी, चौदा दाखवते!" जसे काही वरचे दोन यांच्या पुण्याईचे.

"म्हशी होत्या तेव्हा फेसासकट दूध मापलं तर तुमची आई काय म्हणायची?" मी विचारलं. "उन्हात पॅनेल जोडलेलं असताना दिसतो तो फेस. तार सोडा, बॅटरी निवांत पडू द्या, मग मापा. साडेबाराच्या वर राहिली तर भरलेली."

"बॅटरी म्हणजे म्हैस नव्हे."

"म्हैस परवडली हो. हंबरून तरी सांगते."

शुक्रवारी संध्याकाळी तार मीच सोडली. सकाळी चहाबरोबर मीटर पुढे केला. अकरा पॉइंट आठ.

"मीटर बिघडलाय."

"असेल. पंप लावून बघा."

पिंपात पाणी भरून पंप सोडला. घरघरला, अर्धं पिंप उपसलं, खोकला आणि गप्प झाला. यांनी पंपाला दोन चापट्या मारून पाहिल्या. उरलेल्या पाण्यातून माझ्या डोळ्यांपुढे सगळी खाडी येऊन गेली.

मग यांनी माझ्या भावाला फोन लावला. "रविवारी वारा काही बरोबर दिसत नाही रे. पुढं बघू."

आळ वाऱ्यावर गेला, पण मी वाऱ्याची बाजू घेतली नाही.

दुपारी हे बॅटरी टेंपोत चढवून कर्जतला निघाले, नवी आणायला. "नवीही उन्हात मापून घेणार का?" मी विचारलं.

"चल तूच," म्हणाले, आणि पुढच्या सीटवरची पिशवी उचलून मला जागा केली.