डावीकडचा काळोख

रविवारी जेवणं आटोपली की मी लॅपटॉप मोठ्या मॉनिटरला जोडून बसते. आठवडाभर रसायनीच्या कंपनीत, लॅबमध्ये बाटल्या हलवायच्या आणि सुट्टीला नाटकाचे सेट उभारायचे, तेही कॉम्प्युटरच्या आत. खोटा दिवाणखाना, खोटा सोफा, खोटी खिडकी आणि त्या खिडकीतून येणारं खोटं ऊन. सोफाबिफा कुणीही बनवील हो, खरी मारामारी असते उजेडाची. एक दिवा जास्त झाला की दिवाणखान्याचा लग्नाचा हॉल होतो आणि एक कमी पडला की भुताटकी. आईच्या मते हे बिनपगारी काम आहे आणि माझं डोकं फिरलेलं आहे.

बाबांना मात्र ह्या खेळाचं भारी कौतुक. ते मूळचे कळंबचे. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकांत कामं करायचे, त्यामुळे रंगमंच दिसला की त्यांच्या अंगात येतं. आम्ही दहिवलीत राहायला आल्यापासून ते रिक्षा चालवत. सकाळी शाळेची पोरं, मग स्टेशनच्या फेऱ्या. रविवारी दुपारी माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचे आणि दर चित्रात खोट काढायचे.

दिवाळीनंतर त्यांनी नवाच धोशा लावला.

"डावीकडं काळोख हाय गं."

मी डावीकडच्या दाराजवळ एक दिवा ठेवला. "अजून हाय." मी तिथे खिडकी पाडली, खिडकीबाहेर ऊन टाकलं. "त्या दारातनं माणूस आत आला तर त्याचं तोंड कुणाला दिसणार?" माझं डोकं सणकलं. म्हटलं, "बाबा, आता तिकडे सूर्यच आणून ठेवू का?"

"ठेव की," ते शांतपणे म्हणाले. "पण दिसाय पायजे."

ठेवला. चित्र आमच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकलं, तर एकाने विचारलं, डाव्या दाराला आग लागली आहे का? मी चिडले, पण बाबांवर नाही. वाटलं, आपलाच स्क्रीन बिघडलाय. त्याचा ब्राइटनेस खालीवर करून पाहिला, वायर बदलली, नवा मॉनिटर घ्यावा का म्हणून दुकानात चौकशीही करून आले.

त्याच दिवसांत रिक्षाची डावी बाजू खरचटायला लागली. बाबा शनिवार-रविवारी रिसॉर्टला येणाऱ्या गाड्यांच्या नावाने शिव्या घालायचे आणि मीही त्यांच्या जोडीने घालायचे.

आम्हा चित्रवाल्यांची एक सवय आहे. एकच चित्र फार वेळ बघितलं की डोळा सरावतो, चुका दिसेनाशा होतात. मग एक बटण दाबून चित्र आरशातल्यासारखं उलटं करायचं, म्हणजे डावं उजवीकडे जातं आणि चूक लगेच दिसते. एका रविवारी मी तेच केलं. आग लागलेलं दार उजवीकडे गेलं.

"आता बघा."

"उजवीकडं बेस झालंय," बाबा म्हणाले. "पण डावीकडं काळोख हाय."

मला हसूच आलं. अहो, मघाशी हीच बाजू उजवीकडे होती, तेव्हा तुम्हाला काही खटकलं नव्हतं! मी पुन्हा उलटं केलं. "डावीकडं काळोख." पुन्हा. "डावीकडं." हसता हसता माझा हात बटणावरच थांबला. आईने त्यांच्या डाव्या हाताशी चहा आणून ठेवला होता. त्यातून वाफ येत होती.

"चहा झाला नाय काय गं अजून?" बाबांनी आत हाक मारली.

मी कप उचलून त्यांच्या उजव्या हातात दिला.

पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. मेंदूच्या मागच्या भागात रक्ताची गुठळी अडकलीय, म्हणून दोन्ही डोळ्यांनी डावीकडचं अर्धं दिसत नाही. आपल्याला दिसत नाही, हे माणसाला कळतही नाही. परत येईल याची आशा कमी. रिक्षा बंद.

बाबा घरी आले. उंबरा ओलांडला आणि भडकले. "मला दिसतंय! डॉक्टरला काय कळतंय डोंबल!"

"पोरं रिक्षात डावीकडूनच चढतात ना, बाबा!" मीही ओरडले. "एखादं पाय ठेवत असलं आणि तुम्ही गाडी काढलीत तर?"

"मी आवाजावर वळखतो."

मी रिक्षाची चावी उचलून पर्समध्ये टाकली. दुसऱ्या दिवशी कंपनीतही घेऊन गेले. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनात. खुर्ची भिंतीला लागली, ती तिथेच राहिली. रिक्षा दारात उभी, आणि ते रोज सकाळी तिला पुसायचे, उजवीकडून लखलखीत. डाव्या बाजूवर धूळ तशीच. ते बघून मला रडू यायचं. भांडा, शिव्या द्या, पण बोला हो!

म्हणून मी एक सेट केला फक्त त्यांच्यासाठी. सोफा, टेबलावरचा दिवा, खिडकी, दारातून येणारा माणूस, सगळं उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवलं. डावीकडे नुसता काळा पडदा. त्यांनी शेजारी येऊन बसावं, एवढंच मला हवं होतं. "एकदाच बघा," म्हणून विनवलं. त्यांनी खुर्ची ओढली.

बराच वेळ बघत होते. मग त्यांचा चेहरा खुलला. किती दिवसांनी!

"ह्याला म्हणतात लायटिंग. कुठं काळोख नाय."

माझे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांनी माझ्यापुढे हात पसरला.

"बघितलंस ना? दिसतंय मला समदं. दे चावी. उद्यापासून पोरांना न्यायचंय."

काय करून बसले मी हे! त्यांचा हात तसाच पुढे होता आणि तोंडावर लहान पोरासारखा आनंद. समजावून सांगायला गेले असते तर पुन्हा भांडण झालं असतं. मी बटण दाबलं आणि चित्र उलटं केलं.

बाबा थांबले. स्क्रीनकडे बघत राहिले.

"लाईट गेली काय गं?"

डोक्यावर पंखा घरघरत होता. त्यांना तो ऐकू आला. त्यांनी वर पाहिलं, मग माझ्याकडे. मग मान हळूहळू डावीकडे वळवायला लागले, डॉक्टरांनी शिकवलं होतं तशी, वळवत वळवत खांद्यापर्यंत नेली, तेव्हा कुठे त्यांना सोफा सापडला. दिवा सापडला. दारातला माणूस सापडला. त्या माणसाकडे ते बघतच राहिले.

"पोरं डावीकडनंच चढतात गं," ते म्हणाले, आणि पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.