सुधाकरच्या टेबलावरची स्प्रिंग

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारंज्यात माझ्या दुकानात होतो. शटर ओढलं, मिळेल ती एस.टी. धरली आणि मंगरूळपीरपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडलो. तोच फोन आज आला असता तर रडलो असतो का... सांगता येत नाही.

आमचं दोघांचं वर्कशॉप होतं. मशीन जुळवायचा तो, वेल्डिंग माझं. एका डाळ मिलसाठी तूर चाळायची मोठी चाळणी आम्ही पहिल्यांदाच केली. चार कोपऱ्यांना चार स्प्रिंगा, त्यांवर चाळणी, तिला हलवणारी मोटर. मोटर लावली अन् चाळणी पिसाळल्यासारखी उसळली. आठवड्यात सगळे जोड तडकले. मिलमालक चारचौघांत मला म्हणाले, "हे वेल्डिंग हाय का थुका लावून चिकटवलं?" सुधाकर बाजूलाच उभा होता, मान खाली घालून. मी पुन्हा जोडलं, पुन्हा तडकलं. तिसऱ्यांदा जोडून दिलं आणि धंदाच सोडला. मला काम देतंय कोण? नळ-पाइपाचं दुकान टाकलं. पुढे कळलं, चाळणी झकास चालते. मला वाटलं, कुणाचा तरी हात माझ्याहून चांगला निघाला.

मैत्री तुटली नाही. माझ्या पोरीच्या लग्नात पंगती त्यानेच वाढल्या. त्याच्याकडे चहाला गेलं की टेबलावर एक जाड स्प्रिंग असायची. बोलता बोलता ती तळहाताने दाबत बसायची त्याला खोड.

तेरवीला शोभावहिनींनी तीच स्प्रिंग माझ्या हातात दिली. "भाऊजी, हे तुमीच घेऊन जा. त्या चाळणीचीच हाय ना. कडक म्हंजे मजबूत वाटलं त्याईले. पन त्या कडक स्प्रिंगांनं चाळणीचा झोका मोटरच्या चालीले जुळला, अन् हादरे वाढतच गेले म्हनत. मंग नरम बसवल्या, तवा शांत झाली. जोड तं अजून तुमचेच हायेत तिले. तुमाले सांगतलंच असन ना त्याईनं?"

मी "हो" म्हणालो. त्या माउलीला दुसरं काय सांगू?

सुध्या, लेका, इतकी वर्षं माझ्यासमोर बसून तू तीच दाबत होतास! बायकोला सांगितलंस, मला नाही. वैऱ्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळा झालो असतो. तुला कुठं शोधू?

स्प्रिंग आता माझ्या गल्ल्याजवळ असते. मीही दाबून पाहतो, दबत नाही. गिऱ्हाईक विचारतं, "हे कायची हो?"

"चाळणीची," मी सांगतो. "माह्यं वेल्डिंग बरोबर होतं."

गिऱ्हाईक मान हलवतं आणि नळ मागतं.